सर्जरी डिपार्टमेंटचा चार्ज हातात आल्यावर : बेळगाव भागातल्या सर्जन मंडळींसाठी

आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक, खानापूर इकडं सर्जरीचा एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, होणारा माणूस बहुतेक वेळा चांगला ऑपरेशन करणारा म्हणून त्या खुर्चीत बसतो, हात चांगला, सीनियरिटी झाली, बस्स. डिपार्टमेंट चालवायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतंय, एमएसच्या, म्हणजे सर्जन व्हायच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, तीन वर्षांत पण नाही आणि नंतर पण नाही. म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे नुकताच चार्ज आलाय किंवा येणार आहे त्यांच्यासाठी, आणि शहरात एक मुख्य हॉस्पिटल, तालुक्याला दोन-चार शाखा अशी रचना जिथं आहे त्यांच्यासाठी जरा जास्तच. माझं सगळं सांगणं एकाच प्रश्नाभोवती फिरतंय बघा. तुम्ही हॉस्पिटलात नसताना, रात्री दोन वाजता, अथणीकडून पोट फुगलेला पेशंट अँब्युलन्समधून उतरला तर तुमच्या डिपार्टमेंटमध्ये काय होतं? दिवसा तुम्ही समोर उभे असताना सगळेच नीट वागतात.

पहिला महिना काही बदलू नका. खरंच काही नको. नवीन एचओडी आला की पहिल्या आठवड्यात नवीन सर्क्युलर, नवीन रोस्टर, ग्रुपवर सूचना, आणि महिन्यानं सगळं जिथल्या तिथं. त्यापेक्षा रोज सकाळी आठला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात उभं राहा आणि नुसतं बघा. लिस्टवर पहिली केस साडेआठला लिहिलेली असते, प्रत्यक्ष चीर किती वाजता पडते ते वहीत लिहा. उशीर का झाला तेही लिहा, पेशंट वॉर्डातून खालीच आला नाही, लिफ्ट बंद, हत्यारांचा सेट अजून सीएसएसडीत म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, भूलतज्ज्ञ दुसऱ्या ओटीत, सर्जन ओपीडीत अडकलेले. एक महिना लिहिलं की तुम्हाला दिसेल की कारणं चार-पाचच आहेत आणि तीच तीच फिरून येतायत. दुसरी वही कॅन्सल झालेल्या केसेसची. तिसरी, ऑपरेशन होऊन परत ओटीत न्यावे लागलेल्या पेशंटांची. या तीन वह्या असल्या की मॅनेजमेंटकडे काही मागायला जाताना तुमच्या हातात बोलायला काहीतरी असतंय, नाहीतर तुमचं म्हणणं आणि बाकी सगळ्या एचओडींचं म्हणणं सारखंच.

त्याच महिन्यात ओटी इनचार्ज सिस्टर, भूलशास्त्राचे एचओडी, ब्लड बँक, सीएसएसडी आणि सरकारी योजनांच्या, म्हणजे स्कीमच्या काउंटरवर बसणारी माणसं, या सगळ्यांबरोबर एकेकदा निवांत चहा घ्या आणि विचारा, आमच्या डिपार्टमेंटमुळं तुम्हाला काय त्रास होतो. स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका, ऐकून घ्या. इनचार्ज सिस्टरला जे माहीत असतंय ते कुठल्या रिपोर्टात सापडत नाही, कुठला सर्जन मॉप काउंटच्या, म्हणजे रक्त टिपायचे कपडे मोजायच्या, वेळी चिडतो, कुणाच्या केसला कायम जादा सेट उघडावा लागतो, सगळं.

आता ओटी लिस्ट. निम्मं डिपार्टमेंट इथंच सुधारतं किंवा बिघडतं. लिस्ट आदल्या दिवशी दुपारी चारला बंद करा, आणि बंद म्हणजे बंद, एचओडीची स्वतःची केस असली तरी. लिस्टवर नाव चढायच्या आधी पीएसी म्हणजे भुलीआधीची तपासणी झालेली, ब्लड लागणार असेल तर क्रॉसमॅच करून जुळवलेलं, आयसीयू बेड लागणार असेल तर तो सांगून ठेवलेला, कुठली बाजू ते स्पष्ट लिहिलेलं, उजवा हर्निया की डावा, आणि स्कीमचा पेशंट असेल तर प्री-ऑथ, म्हणजे योजनेची आगाऊ मंजुरी, आलेलं. लहान मुलं आणि शुगरवाले सकाळी पहिल्यांदा, पू भरलेल्या, सडलेल्या पायाच्या केसेस शेवटी. हे सगळ्यांना माहीत असतंय तरी लिस्ट सीनियरिटीनं लागते आणि शुगरचा पेशंट दुपारी तीनपर्यंत उपाशी बसतो. हे थांबवायचं काम एचओडीशिवाय दुसरा कोण करणार?

कॅन्सल होणाऱ्या केसेसमध्ये एक कारण आपल्याकडं फार येतं, पेशंटनं काहीतरी खाल्लेलं असतं. नर्सिंग स्टाफनं सांगितलेलं असतं, रात्रीपासून उपास ठेवा, आणि घरचे बिचारे प्रेमानं सकाळी साबुदाण्याची खिचडी किंवा दूध-केळं देतात, उपासालाच चालतंय की ते! किंवा पहाटे वॉर्डाबाहेरच्या टपरीवरून चहा आणून देतात. चूक त्यांची अजिबात नाही, सांगणाऱ्याची आहे. ऑपरेशनच्या आधी सहा तास खाणं आणि दूध बंद, दुधाचा चहा पण त्यातच धरायचा, तळलेलं किंवा जड जेवण असेल तर आठ तास, आणि साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक खाटेवर लावा, त्यात साबुदाणा, केळं, चहा, बिस्किट, तंबाखू असं एकेक नाव घालून. आणि पेशंटला घड्याळातली वेळ सांगा, "मामा, पहाटे दोननंतर काही खायचं नाही, सहानंतर पाणी पण नाही." रात्री बारापासून सगळ्यांचं सरसकट पाणी तोडून दुपारच्या केसला सुकवून ठेवायची जी पद्धत आहे ती पण बंद करा, म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात त्यात.

सेफ्टी चेकलिस्टबद्दल जरा जास्त लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणली, त्यात १९ गोष्टी आहेत, तीन टप्प्यांत, भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर पडायच्या आधी. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत, त्यात आपली दिल्ली पण होती, ती वापरून बघितली आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, मोठी कॉम्प्लिकेशन्स ११ टक्क्यांवरून ७ वर. एक कागद आणि दोन-तीन मिनिटं. आता आपल्याकडं बघा, फॉर्म प्रत्येक फाइलीत असतो, सगळ्या टिक मारलेल्या असतात, आणि बऱ्याचदा त्या टिका केस संपल्यावर एकाच पेनानं एकदम मारलेल्या असतात. एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीला ते चालून जाईल, पेशंटला त्याचा काही उपयोग नाही.

ती खरी करायची असेल तर पहिले सहा महिने टाइम-आउट, म्हणजे चीर द्यायच्या आधी सगळ्यांनी थांबून करायची तपासणी, एचओडीनं स्वतःच्या केसला स्वतः उभं राहून करायची. सिस्टर मोठ्यानं वाचणार, सगळ्यांचे हात थांबणार, म्युझिक बंद, फोन बाजूला, आणि ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, ओटीतल्या मामांनी, म्हणजे मदतनीसांनी सुद्धा. सुरुवातीला लोक लाजतात, नंतर सवय होते. आपल्या ओटीत सिस्टर केरळची, भूलतज्ज्ञ धारवाडचे, पीजी म्हणजे एमएस शिकणारा डॉक्टर उत्तरेकडचा, ओटीतले मामा येळ्ळूरचे, म्हणून टीममध्ये इंग्रजी-हिंदी जे चालतंय ते चालू दे, पण भूल द्यायच्या आधीचे प्रश्न पेशंटला त्याच्याच भाषेत विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्यायचं. "तुम्ही पाटील ना?" असं विचारू नका, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि आपल्या कुठल्याही वॉर्डात एका वेळी तीन पाटील असतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं, आज कशाचं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, हात लावून दाखवा." मग हातातल्या पट्ट्यावरचा नंबर फाइलीशी जुळवायचा. अँटिबायोटिक चीर द्यायच्या आधीच्या तासाभरात गेलंय का हे त्याच वेळी मोठ्यानं विचारायचं, वॉर्डात सकाळी सहाला देऊन दुपारी एकच्या केसला त्याचा काय फायदा? ऑपरेशनच्या जागेवरचे केस काढायचे असतील तर क्लिपरनं, आदल्या रात्री ब्लेडनं सफाचट करायचं आता बंद करा, त्यानं इन्फेक्शन वाढतं हे माहीत असूनही ब्लेड अजून चालूच आहे.

इन्फेक्शनची खरी संख्या तुम्हाला कळतच नसते हेही लक्षात घ्या. पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो, टाका आठव्या दिवशी लाल होतो, तो गावातल्याच डॉक्टरकडं ड्रेसिंग करून घेतो कारण रामदुर्गहून बेळगावला यायचं म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी जाते. आपल्या रजिस्टरला तो पेशंट एकदम छान. म्हणून एका सिस्टरला ठराविक वेळ देऊन ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत फोन करायला लावा, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी बघून, आणि जखमेतून पाणी येतंय का, ताप आला का, कुठं दुसरीकडं दाखवलं का एवढंच विचारायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमचा इन्फेक्शन रेट वाढलेला दिसेल, घाबरू नका, आधी तो दिसत नव्हता एवढंच. मॅनेजमेंटला हे आधीच सांगून ठेवा.

कन्सेंटचा विषय आपल्या सीमाभागात जरा वेगळा आहे. फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये, पेशंट मराठी, किंवा उलट, पीजीला दोन्ही येत नाही, आणि सही नातेवाइकाची. आदल्या संध्याकाळी राउंडला एखाद्या आज्जींना विचारून बघा, "आज्जी, उद्या काय करणार आहेत ते सांगितलंय काय तुम्हाला?" उत्तर येतं, "पोराला म्हाईत हाय बघ बाबा." पोराला माहीत असून भागत नाही. आतड्याच्या ऑपरेशनची पेशंट उठली आणि पोटाला संडाससाठी पिशवी लावलेली बघितली, आणि आधी तिला कुणी एक शब्द सांगितलेला नाही, तर तिला काय वाटत असेल? ती पिशवी कशी दिसते ते आदल्या दिवशी हातात देऊन दाखवा, बहुतेक वेळा काही महिन्यांनी काढता येते आणि कधी येत नाही हे पण सांगा. २००८ चा समीरा कोहली खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येक पीजीला समजावून सांगा, त्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय त्यांच्या आईची संमती घेऊन काढलं होतं आणि कोर्टानं ती संमती धरली नाही, जीवाचा धोका नसताना शुद्धीवर यायची वाट बघून पेशंटलाच विचारायला हवं होतं असं सांगितलं. फॉर्म मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू, इंग्रजी असे ठेवा, भाषांतर डिपार्टमेंटच्या माणसाकडून तपासून घ्या, आणि अंगठा असेल तर साक्षीदार हॉस्पिटलच्या बाहेरचा. भाषेवरून आपल्याकडं बाहेर जे काय चालतं ते वॉर्डाच्या दारातच थांबलं पाहिजे, याबद्दल मी फार कडक आहे. मराठी पेशंटला कन्नड सिस्टरनं आणि कन्नड पेशंटला मराठी डॉक्टरनं त्याच्या बोलीतली चार वाक्यं बोलली की निम्मी भीती तिथंच जाते.

आता सगळ्यात अवघड काम, मृत्यू आणि कॉम्प्लिकेशनची मीटिंग. पंधरा दिवसांनी, ठरलेला वार, ठरलेली वेळ, एक तास, कुठल्याही कारणानं रद्द नाही. पहिली केस एचओडीची, हा नियम करून टाका, कारण जोपर्यंत मोठ्या माणसाची केस पडद्यावर येत नाही तोपर्यंत बाकीचे आपली लपवणारच. सादर करताना पीजीचं किंवा सर्जनचं नाव स्लाइडवर नको, काय घडलं, कधी लक्षात आलं, कधी लक्षात येऊ शकलं असतं आणि मधे कुठला वेळ गेला एवढं बघायचं. कॉम्प्लिकेशन किती मोठं ते क्लेव्हियन-डिंडो ग्रेडनं लिहा म्हणजे या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची तुलना होते, ग्रेड एक म्हणजे किरकोळ आणि पाच म्हणजे मृत्यू. भूलतज्ज्ञ आणि इनचार्ज सिस्टर दोघांना बोलवा, त्यांच्याशिवाय अर्धीच गोष्ट कळते. शेवटी प्रत्येक केसमागे एक काम, एक नाव, एक तारीख, उदाहरणार्थ रात्री लॅक्टेट या रक्ततपासणीचा रिपोर्ट यायला तीन तास लागतात तर लॅबशी कोण बोलणार आणि कधीपर्यंत. पुढची मीटिंग मागच्या कामांपासून सुरू करा. शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन होता, प्रत्येक पेशंटचा शेवटचा निकाल मोजा आणि उघड करा म्हणायचा, सीनियरिटीवर बढती द्यायच्या पद्धतीला विरोध म्हणून १९१४ मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली नोकरी सोडली. त्याचं म्हणणं पटायला जगाला फार वेळ लागला. पीजीला सगळ्यांसमोर झापायची जागा म्हणजे ही मीटिंग नव्हे, एकदा जरी तसं झालं तरी पुढचं वर्षभर तुमच्यासमोर खरी केस येणार नाही.

रात्रीचं रोस्टर करताना आपलं कॅलेंडर समोर ठेवा. ऊस तोडणी सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि मोटरसायकलवाले त्यात घुसतात. गुऱ्हाळात चरकात हात गेलेले येतात. पुणे-बेंगळुरू हायवेवरचे अपघात निपाणी, संकेश्वरकडून वर्षभर चालूच असतात, उद्यमबागच्या फाउंड्रीतले भाजलेले, चेंगरलेले वेगळे. सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमेची यात्रा, गणपती विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त, या दिवसांत दुसरी टीम तयार ठेवा आणि प्लॅन्ड लिस्ट छोटी करा.

आणि फोनचा नियम लिहून लावा. कुठल्या गोष्टीला पीजीनं कन्सल्टंटला उठवायचंच ते नावानिशी, बीपी पडतंय, पोट कडक झालंय, ऑपरेशन झालेल्या पेशंटची नाडी १२० च्या वर, ड्रेनमधून रक्त, लघवी कमी, आयसीयूत हलवायचा निर्णय, बाहेरून रेफर होऊन आलेला कुठलाही सीरियस पेशंट, आणि नातेवाईक चिडलेत तेव्हा. कन्सल्टंट अर्ध्या तासात पोचला पाहिजे, टिळकवाडीत राहत असला काय आणि हिंडलग्यात राहत असला काय. फोन केला म्हणून कुणी पीजीवर ओरडलं तर एचओडीनं दुसऱ्याच दिवशी त्या सीनियरला केबिनमध्ये बोलवून सांगायचं, शांतपणे पण स्पष्ट. हे एक केलं ना, तर बाकी निम्मं आपोआप होतंय असं माझं ठाम मत आहे. पीजीला रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी पूर्ण लिस्टला उभं करू नका. ड्युटीनंतर त्याला झोपू दे.

तालुक्याच्या शाखा हा वेगळा विषय. तिथं काय करायचं आणि काय पाठवायचं ते आधी ठरवून भिंतीवर लावा. हर्निया, हायड्रोसील, साधं अपेंडिक्स तिथं व्हायला हरकत नाही, जर भूलतज्ज्ञ असेल, ऑटोक्लेव्हची, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राची, तपासणी मुख्य हॉस्पिटलसारखीच होत असेल आणि चेकलिस्ट तीच असेल. फुटलेलं आतडं रात्री आयसीयू नसलेल्या जागी उघडायची हिंमत कुणी करू नये, पण पाठवायच्या आधी सलाइन, अँटिबायोटिक, नाकातून नळी, लघवीची नळी एवढं झालंच पाहिजे. रेफरलसाठी एकच फोन नंबर, तो कायम ऑन-कॉल सर्जनच्या हातात, रिसेप्शनवर नाही. तिकडच्या डॉक्टरला "पाठवा" किंवा "थांबा, मी सांगतो" यातलं एक उत्तर त्याच फोनवर मिळालं पाहिजे. पेशंटचे फोटो ग्रुपवर टाकताना चेहरा आणि नाव झाका. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन तिथल्या सिस्टरांच्या हाताखाली एक लिस्ट करा, तिथं काय कमी आहे ते फोनवर कधीच कळत नाही.

चंदगड, गडहिंग्लज, दोडामार्गकडचे पेशंट आपल्याकडं नेहमीचेच. त्यांच्या हातात डिस्चार्ज कार्डाबरोबर त्यांच्या गावच्या डॉक्टरसाठी साधं पत्र द्या, काय केलं, टाके कधी काढायचे, काय दिसलं तर लगेच परत पाठवायचं. पावसाळ्यात घाट बंद पडला तर तो पेशंट चार दिवस येऊ शकत नाही हे धरूनच डिस्चार्जचा दिवस ठरवा. स्कीमचं पण तसंच, रेशन कार्ड कुठल्या राज्याचं आहे ते ओपीडीतच विचारा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या तीस टक्के आणि तेही दीड लाखापर्यंतच, महाराष्ट्राच्या कार्डवाल्याला महात्मा फुले योजनेचा विचार करावा लागतो, सहकारी सोसायटीचा सभासद असेल तर यशस्विनी योजना. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्य मित्रांना आठवड्यातून एकदा लिस्टच्या मीटिंगला बसवा. टेबलवर झोपलेला पेशंट कागद नाही म्हणून परत वॉर्डात, असं झालं की त्या घराचा आपल्यावरचा विश्वास गेला म्हणून समजा.

मागण्या करताना क्रम ठेवा. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा नवीन लॅप्रोस्कोपी टॉवर सगळ्यांना हवा असतो, पण आधी सीएसएसडी, चांगले लाइट, पुरेसे सेट, पेशंट गरम ठेवायची सोय. सुचर म्हणजे टाक्यांचे दोरे, मेश म्हणजे हर्नियाची जाळी, स्टेपलर कुठल्या कंपनीचे घ्यायचे ते एकट्यानं ठरवू नका, तीन-चार जणांची कमिटी करा आणि लेखी ठेवा, आणि कंपनीवाल्यांना ओटीच्या आत येऊ देऊ नका. सर्जन लोकांत ओटीच्या दिवसांवरून भांडणं होतातच. दर सहा महिन्यांनी कुणी किती वेळ वापरला आणि किती रिकामा घालवला ते आकडे सगळ्यांसमोर ठेवा, रिकामा वेळ ज्यूनियरला द्या, आकडे समोर असले की आवाज कमी होतो. ज्यूनियर कन्सल्टंटला अवघड केस स्वतः करू द्या आणि तुम्ही असिस्टंट म्हणून समोर उभे राहा.

रजेवर जाताना चार्ज एकाच माणसाकडं, लेखी, नाव आणि मोबाइलसह, स्विचबोर्डला, ओटीला, आयसीयूला आणि सगळ्या शाखांना कळवून. दोघांत वाटून दिलं की रात्री दोघंही म्हणतात मला वाटलं त्यांच्याकडं आहे. वॉर्डातल्या प्रत्येक अवघड पेशंटबद्दल दोन ओळी लिहून द्या, नातेवाइकांना सांगून जा की उद्यापासून कोण बघणार, आणि रजेत ग्रुपवर सूचना देत बसू नका, ज्याला चार्ज दिलाय त्याला निर्णय घेऊ द्या.